रक्तपट्टिकांचा आंकडा आणि त्यामागचें कारण



पावसाळा सरूं लागला, डांस वाढले आणि डेंग्यूचा ताप आला, कीं घरोघर एकच प्रश्न ऐकूं येतो : "आज प्लेटलेट किती?" आमच्या घोडेगांवच्या कांद्याच्या बाजारांतहि आतां हा शब्द कांद्याच्या भावाइतका सहज उच्चारला जातो. आंकडा उतरला, कीं आप्तांची रक्तपेढीकडे धांवाधांव सुरू होते. परंतु हा आंकडा सांगतो तरी काय, याचा विचार आज करूं.

प्लेटलेट म्हणजे रक्तपट्टिका. निरोगी मनुष्याच्या एका घनमिलिमीटर रक्तांत त्या सुमारें १.५ ते ४.५ लक्ष असतात. जखम झाली, कीं त्या तेथें चिकटून, एकमेकींस धरून गळतीला बूच बसवितात. हें कार्य १८८२ सालीं इटलीच्या बिझोझेरो यांनीं ओळखलें. हाडांच्या मज्जेंतील मेगाकॅरिओसाइट नांवाच्या प्रचंड पेशींपासून त्या तुटून निघतात, हें १९०६ सालीं अमेरिकेच्या जेम्स होमर राइट यांनीं दाखविलें. अशा सुमारें १०,००० कोटी रक्तपट्टिका शरीर रोज घडवितें. कारण एकीचें आयुष्य ८ ते १० दिवसांचेंच असतें.

म्हणजे हा रोजच्या जमाखर्चाचा हिशेब झाला. शिल्लक घटली, तर जमा तुटली कीं खर्च वाढला, हें आधीं पाहिलें पाहिजे. मज्जाच आजारी असेल, तर जमा तुटते. खर्चाचें कोडें सेंट लुईचे तरुण डॉक्टर विल्यम हॅरिंग्टन यांनीं १९५० सालीं उलगडलें. रक्तपट्टिका फारच घटलेल्या एका रुग्णेचें रक्त त्यांनीं स्वतःच्या शरीरांत घेतलें. कांहीं तासांतच त्यांच्या रक्तपट्टिका जवळजवळ नाहींशा झाल्या आणि त्यांस झटका आला. पुढें कांहीं दिवसांनीं संख्या पूर्ववत् झाली. रुग्णेच्या रक्तांतीलच एक द्रव्य रक्तपट्टिकांचा नाश करीत होतें, हें त्यावरून कळलें. १९९४ सालीं थ्रॉम्बोपोएटिन हें उत्पादन वाढविणारें संप्रेरकहि शास्त्रज्ञांच्या हातीं आलें.

उलटपक्षीं, आंकडा पुरा असूनहि रक्त थांबत नाहीं, असा एक आनुवंशिक विकार आहे. स्विस बालवैद्य ग्लान्झमान यांनीं त्याचें वर्णन १९१८ सालीं केलें. त्यांत रक्तपट्टिका एकमेकींस धरीत नाहींत. दोष आई व बाप या दोघांकडून आला तरच हा विकार होतो. म्हणून मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्या समाजानें तो ध्यानांत ठेवावा. मुलाच्या नाकांतून वा हिरड्यांतून वारंवार रक्त येत असल्यास केवळ संख्या पाहून स्वस्थ बसूं नये. मुंबईस परळ येथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत, १९५७ सालीं रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून निघालेली राष्ट्रीय संस्था आहे. अशा रक्तविकारांचें निदान व संशोधन तेथें चालतें.

आतां डेंग्यूकडे वळूं. त्यांत उतरलेल्या रक्तपट्टिका बहुधा आपोआप चढतात. खरें भय असतें तें केशवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचें, आणि तें ताप उतरण्याच्या सुमारासच येतें. पोटांत तीव्र वेदना, सतत वांती, काळा शौच, विलक्षण ग्लानि यांपैकीं कांहींहि दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांस शिवूं नये. सिंगापूर व मलेशिया येथील एका चांचणींत रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांस, केवळ आंकडा २०,००० पर्यंत उतरला म्हणून रक्तपट्टिका देऊन पाहिल्या. रक्तस्राव टाळण्यास त्यांचा लाभ झाला नाहीं, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

काढलेल्या रक्तपट्टिका २० ते २४ अंश उष्णतामानांत, सतत हालत्या ठेवूनहि सामान्यतः ५ दिवसच टिकतात. आपण भीतीपोटीं आग्रहानें मिळविलेली पिशवी रक्ताच्या कर्करोगानें झुरणाऱ्या एखाद्या बालकाच्या वांट्याची असूं शकते. तिची गरज आहे कीं नाहीं, हें वैद्यांस ठरवूं द्यावें. आणि आपण निरोगी असल्यास दाता म्हणून जावें. आंकडा अवश्य विचारावा, पण त्यामागचें कारण आधीं विचारावें.