खाते चिमणीवानी, मग वजन का वाढतं? उंदरांनी दिलेलं उत्तर

एसटीत खिडकीशी बसून ऐकत असाल, शेतात मोटर चालू करून बांधावर बसला असाल, नाहीतर पुण्यात रूमवर भांडी घासत असाल, सगळ्यांचं मनापासून स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, मधले 'अं… म्हणजे' तेवढे काढलेत.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात चिखली घ्या, मेहकर घ्या, नाहीतर खामगाव. चाळिशी ओलांडलेल्या चार बाया ओट्यावर बसल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "खाते तं चिमणीवानी, पण वजन काही उतरत नाही." त्यात कुणी म्हणालं, "माही तं पिशवी काढली, तवापासून आंग सुटलं," तर बाकीच्या माना डोलावतात. आणि आपण पोरं काय करतो? हसतो. "आई, तू गुपचूप खात असशील," असं म्हणतो.

आज या वाक्याची तपासणी करू. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला सॉफ्टवेअरवाला आहे. पण आमच्या कामात एक नियम पक्का असतो. बग शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. माणसावर असं करता येत नाही. आईचं जेवण, काम, झोप, टेन्शन, हार्मोन, सगळं एकदमच बदलत असतं. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे गेले. मोठा पांढरा रॅट आणि छोटा माऊस हे वेगळे प्राणी, पण आज सोयीसाठी दोघांनाही उंदीरच म्हणू.

१९२३ साल, दोन प्रयोग

स्त्रीच्या अंडाशयात तयार होणाऱ्या मुख्य हार्मोनला इस्ट्रोजेन म्हणतात. १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशय काढलेल्या उंदरांना डुकराच्या अंडाशयातला द्राव टोचला. थांबलेली शारीरिक लक्षणं परत आली. म्हणजे त्या द्रावात काहीतरी होतं. पुढे १९२९ मध्ये त्यातला एक घटक शुद्ध रूपात हाती लागला.

त्याच १९२३ मध्ये वँग नावाच्या संशोधकाने पांढऱ्या उंदरांच्या माद्या फिरत्या चाकाच्या पिंजऱ्यात ठेवल्या. चाक किती वेळा फिरलं ते मोजायचं, एवढंच. आजच्या भाषेत स्टेप काउंटर म्हणा. उंदरीच्या शरीराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. दर चार-पाच दिवसांनी, माजाच्या वेळी, चाक जोरात फिरायचं आणि मग पुन्हा मंदावायचं. अंडाशय काढल्यावर हा चढ-उतार संपला आणि एकूण धावणंही खूप कमी झालं. उंदरीला कुणी 'आळशी' म्हणून टोमणा मारला नव्हता. तिचं हार्मोन गेलं होतं.

मग वजन कुठून आलं?

नंतरच्या काळात हा प्रयोग हजारो वेळा झाला. पद्धत साधी आहे. एका गटाचं अंडाशय काढतात. दुसऱ्या गटाचं फक्त पोट उघडतात आणि आत काहीही न काढता टाके घालतात. म्हणजे ऑपरेशनचा त्रास दोघींना सारखाच, फरक फक्त अंडाशयाचा.

अंडाशय काढलेल्या रॅट सुरुवातीचे काही आठवडे जास्त खातात. मग खाणं बऱ्यापैकी पहिल्यासारखं होतं, पण वाढलेलं वजन तसंच राहतं. काही प्रयोगांत त्यांना दुसऱ्या गटाइतकंच मोजून खायला दिलं, तरीही चरबी जास्त साठली. छोट्या उंदरांमध्ये तर खाणं फारसं न वाढताही वजन वाढतं, कारण शरीराचा खर्चच कमी होतो.

मोबाईलच्या बॅटरीचं उदाहरण घ्या. चार्जिंग रोज तेवढंच करताय, पण मागे चालणारी निम्मी ॲप बंद झाली, तर संध्याकाळी बॅटरी जास्त उरणार. शरीरात उरलेली ती 'बॅटरी' म्हणजे चरबी.

२००० साली दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. एकात इस्ट्रोजेनचा निरोप घेणारा रिसेप्टर जन्मापासूनच नसलेले उंदीर होते. दुसऱ्यात इस्ट्रोजेन तयार करणारं एन्झाइमच नव्हतं. दोन्हीकडे चरबी वाढली, आणि त्यामागे जास्त खाणं हे कारण सापडलं नाही. पहिल्यात शरीराचा ऊर्जाखर्च कमी होता, दुसऱ्यात हालचाल कमी होती. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला एक छोटा न्यूरॉन-गट दाखवला. इस्ट्रोजेन त्याला चालना देतं आणि मादी जास्त हालचाल करते. अंडाशय नसलेल्या माद्यांमध्ये हे न्यूरॉन बाहेरून जागे केले, तर हालचाल पुन्हा वाढली.

म्हणजे 'खाते चिमणीवानी' हे वाक्य खोटं समजायला आधार नाही. हिशेबातली दुसरी बाजू, म्हणजे खर्चाची, आपण कधी बघितलीच नव्हती.

व्यायामाने काय होतं?

अंडाशय काढलेल्या उंदरांना ट्रेडमिलवर पळवलं किंवा चाक दिलं, तर चरबी कमी साठते, यकृतात चरबी जमणं कमी होतं आणि इन्सुलिन बरं काम करतं. कारणही माहीत आहे. रक्तातली साखर स्नायूत जायला दार लागतं. एरवी ते दार इन्सुलिन उघडतं. पण स्नायू आकुंचन पावतो तेव्हा इन्सुलिनशिवायही दार उघडतं. म्हणजे मुख्य गेट अडलं तरी मागचं दार चालू. इस्ट्रोजेन गेल्यावरही हे मागचं दार काम करतं, ही यातली सगळ्यात चांगली बातमी.

उंदरांच्या दोन खास जाती आहेत, पळण्याची ताकद बघून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या. एक जन्मजात तगडी, एक जन्मजात कमजोर. दोघींचं अंडाशय काढलं तेव्हा तगड्या माद्यांच्या साखरेच्या यंत्रणेला कमी फटका बसला. अर्थ असा की आधीपासून अंगात असलेली ताकद पुढे उपयोगी पडते. तुमची बहीण आज पंचविशीत असेल तर ही गोष्ट तिच्यासाठीही आहे.

पण आई उंदीर नाही

इथे ब्रेक लावतो. उंदरांमध्ये आपल्यासारखी रजोनिवृत्ती येत नाही. तिथे अंडाशय एका दिवसात काढतात, बाईचं इस्ट्रोजेन साधारण काही वर्षांत हळूहळू उतरतं. उंदरीला सोयाबीन सोंगायला जावं लागत नाही आणि धुणी-भांडीही नसतात. ट्रेडमिलवर जबरदस्तीने पळवण्याचा ताण हा वेगळाच मुद्दा.

आपल्या लोकांचा इतिहासही वेगळा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. आनंदवर्धन हर्डीकर यांचा सहभाग असलेला २०१५ चा एक अभ्यास आहे. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला दिलं, तरी त्यांच्या चयापचयातला बिघाड सुधारला नाही. दुष्काळ पाहिलेल्या घरातल्या आईची तुलना इंस्टाग्रामवरच्या फिटनेसवालीशी का करू नये, ते यातून कळतं.

आणि उंदरीचं जसं एका दिवसात होतं, तसं माणसातही होतं, ऑपरेशनमुळे. आपल्या खालचा जालना ओलांडला की बीड. तिथल्या ऊसतोड कामगार महिलांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा.

आता इथे एक फरक नीट समजून घ्या. गर्भपिशवी वेगळी, अंडाशय वेगळं. इस्ट्रोजेन अंडाशयात बनतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशय पुढेही काम करतात. दोन्ही अंडाशय काढले तर मात्र पस्तिशीतल्या बाईचं शरीर रातोरात पन्नाशीत जातं. वजन, साखर, हाडं, सगळ्यावर परिणाम होतो. हाडं ठिसूळ होण्याच्या औषधांची चाचणीही अंडाशय काढलेल्या उंदरांवरच होते, यावरून समजा. घरात मात्र दोन्हीला एकच शब्द, 'पिशवी काढली'.

मग करायचं काय?

एक. आईचं किंवा मावशीचं ऑपरेशन झालं असेल तर जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशय ठेवलेत की काढलेत, ते त्यात लिहिलेलं असतं. कळत नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा. ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, आणि "अंडाशय ठेवणार का? काढणार असाल तर का?" हा प्रश्न विचाराच.

दोन. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-साखर सरकारी आरोग्य केंद्रात तपासली जाते. आशाताईंना विचारा आणि आईला स्वतः घेऊन जा. "जाशील कधीतरी" असं म्हणाल तर ती कधीच जाणार नाही.

तीन. हार्मोनच्या गोळ्या मेडिकलवरून मनाने आणू नका. काहींना त्या लागतात, काहींना धोक्याच्या असतात. ते डॉक्टर ठरवतील.

चार. जी बाई दिवसभर कापूस वेचते तिला "व्यायाम कर" असं शिकवू नका. तिला आराम, डाळ-अंडी आणि वेळेवर जेवण द्या. पण शेत सुटलंय, मुलाकडे शहरात आलीय, दिवसभर फ्लॅटमध्ये बसून आहे, अशा आईसाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं खरंच औषध आहे. तिच्यासोबत तुम्हीही चाला.

आणि पाचवं, त्याला पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी ती म्हणाली, "खाते तं चिमणीवानी," तर हसू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चाकाची गोष्ट तिला सांगा. स्वतःच्या शरीराबद्दल तिची अर्धी लाज तिथेच जाईल.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, वऱ्हाडीत बोललात तरी चालेल. भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, फक्त वर 'आईसाठी' असं लिहू नका, 'सगळ्यांसाठी' लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!