विदर्भातील शिळावर्तुळे आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी कुलवृत्तान्त, वंशावळी, आपल्या घराण्यांतील कर्तबगार पुरुष व स्त्रिया यांविषयी भाषणे होतात, आणि ती व्हावीत हे योग्यच आहे. आज मात्र आपल्याच भूमीत निजलेल्या, परंतु ज्यांची वंशावळ कोणाच्याही दप्तरात नाही, अशा लोकांविषयी चार शब्द बोलण्याची मी परवानगी घेत आहे. त्यांची स्मारके नागपूरच्या आसपास माळावर उघडी पडलेली आहेत. आपल्यापैकी कित्येकांची शेते त्यांच्या शेजारी असतील. तरी ती पाहावयास म्हणून कोणी मुद्दाम गेल्याचे सहसा ऐकू येत नाही.

नागपूरहून काटोल रस्त्याने थोडे पुढे गेले की जुनापाणी लागते. तेथील माळावर काळ्या दगडांची सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. प्रथमदर्शनी डोळ्यांस काही विशेष दिसत नाही. दगड विखुरलेले आहेत एवढेच वाटते. क्षणभर थांबून पाहिले म्हणजे ते एका मापाने मांडल्याचे ध्यानात येते. बाहेर मोठ्या शिळांचे कडे, आत माती व खडे यांची भर, मध्यभागी किंचित उंचवटा. एक वर्तुळ ओळखता आले की दुसरे दिसते, मग तिसरे. आणि थोड्याच वेळात साऱ्या माळाचा अर्थ बदलून जातो. काही शिळांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत. त्यांचा दिशांशी व आकाशातील ताऱ्यांशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

ही वर्तुळे म्हणजे स्मशाने होत. सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी येथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांचे अवशेष या दगडांखाली ठेविले. या संस्कृतीला अभ्यासक महापाषाणयुगीन संस्कृती म्हणतात. इतरत्र तिची रूपे निराळी आहेत. कर्नाटकात गंगावतीजवळ हिरेबेनकल येथे डोंगरावर दगडी फरशा उभ्या करून, त्यांवर छताची शिळा ठेवून बांधलेली कोष्ठे शेकड्यांनी आहेत. आपल्या विदर्भाने वर्तुळाची रीत विशेष पत्करली.

या स्थळांची नोंद प्रथम परकीयांनी घेतली. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने जुनापाणीची काही वर्तुळे उकरून पाहिली, आणि १८७९ मध्ये त्यांवरील लेख बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट, खापा व माहुरझरी येथे काम करून या लोकांचे जीवन आपल्यापुढे उभे केले.

त्या उत्खननांत काय मिळाले? काळ्या-तांबड्या रंगाची पातळ भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, भाले व खंजीर, तांब्याची भांडी, लाल अकीकाचे मणी. माहुरझरी हे तर मणी घडविण्याचे मोठे केंद्रच होते. तेथे मृत धन्याबरोबर त्याचा घोडाही पुरलेला आढळला, आणि घोड्याच्या मुखावर तांब्याचा साज होता. पेंच नदीच्या काठी नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. मातीच्या वक्राकार विटांनी ती रचली होती, आणि भात्याची हवा आत नेणारी मातीची नळीही जवळ मिळाली. ज्यांनी ही भट्टी पेटविली ते रानटी नव्हते. कारागिरी जाणणारे, धान्य पेरणारे आणि आपल्या मृतांवर माया करणारे ते लोक होते. गेलेल्या माणसाजवळ त्याचे हत्यार, त्याचे भांडे, त्याचा आवडता घोडा ठेवण्यामागील भाव समजण्यास पांडित्य लागत नाही. आपल्या घरी वर्षश्राद्धाच्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचा पदार्थ पानात वाढला जातो, तेव्हा तोच भाव आपल्या मनात असतो.

आता सहजच प्रश्न येतो की हे लोक कोण? त्यांनी एकही अक्षर लिहून ठेविलेले नाही. त्यांची भाषा, त्यांचे कुळ, त्यांच्या देवतेचे नाव कोणत्याही शिळेवर कोरलेले नाही. अशा ठिकाणी एक मोह फार लवकर होतो. अमुक थडगी आमच्याच पूर्वजांची, असे म्हणावयास कोणत्याही ज्ञातीला आवडेल. बंधूंनो, आपण या मोहात पडू नये. आपल्या उत्तमात उत्तम वंशावळी काही शतकांपलीकडे जात नाहीत, आणि ही वर्तुळे पंचवीस-तीस शतकांची आहेत. एवढ्या काळात रक्ताचे किती ओघ एकमेकांत मिसळले असतील! त्यांचे अंश आपल्यात असतील, तसे आपल्या शेजाऱ्यांतही असतील. गडचिरोलीकडील माडिया गोंड बांधव मृताच्या स्मरणार्थ शिळा उभारण्याची प्रथा आपल्या काळापर्यंत चालवीत आले आहेत. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे दगडाच्या रूपाने माणूस आठवण्याची रीत किती दूरवर पोहोचली आहे हे कळते. म्हणून मी म्हणतो, ज्यांच्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही, ते पूर्वज सर्वांचे.

परंतु सर्वांचे म्हणजे पुष्कळदा कोणाचेच नव्हे, आणि येथेच खरा धोका आहे. या शिळा कोणी द्वेषाने फोडीत नाही. विहिरीच्या बांधणीला दगड हवा, शेताला बांध हवा, रस्त्याला खडी हवी, घराला पाया हवा; आणि समोर आयता दगड पडलेला असतो. कोठे धनाच्या लोभाने कोणी रात्री खणते. शहर वाढते तसे माळाचे भूखंड पडतात. एक शिळा हलली की वर्तुळ तुटते. आणि आतील माती एकदा उसकटली की कोणती वस्तू कोणाजवळ व कशी ठेविली होती, हे पुन्हा कोणत्याही विद्वानाला सांगता येत नाही. ग्रंथ जळला तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी मिळेल. या ग्रंथाची प्रत एकच आहे.

आपल्या ज्ञातीत शेतकरी आहेत, कंत्राटदार आहेत, स्थापत्य अभियंते आहेत, शिक्षक आहेत. म्हणून हे बोलणे आपल्यालाच आहे. १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळांना हात लावणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे स्थळाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे. परंतु प्रत्येक वर्तुळाजवळ पहारेकरी उभा करणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. तो पहारा शेजाऱ्याच्या डोळ्यांनीच व्हावयाचा असतो.

मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी की, दरवर्षी हिवाळ्यात, गवत वाळले म्हणजे, मुलांची एक सहल जुनापाणीस न्यावी. मुलांनी वर्तुळांतील दगड मोजावेत, व्यास पावलांनी मापावा, वहीत आकृती काढावी. शिळेवर चढू नये, नाव कोरू नये, खापराचा तुकडाही खिशात घालू नये. ज्यांच्या शेतात असे गोल मांडलेले दगड असतील, त्यांनी ते हलविण्यापूर्वी पुरातत्त्व विभागास कळवावे. आणि ज्यांच्या हाती कंत्राट असेल, त्यांनी खडीचा दगड कोठून येतो हे एकदा स्वतः पाहून घ्यावे. यास पैसा लागत नाही. थोडी आस्था लागते.

मित्रहो, आपण स्मरणिका काढतो ती आपली माणसे विसरली जाऊ नयेत म्हणून. त्या लोकांजवळ कागद नव्हता, म्हणून त्यांनी दगड मांडले. त्यांच्या स्मरणिकेची पाने आपल्या हातून फाटू नयेत, एवढीच विनंती.