हरकत कागदावर सापडली पाहिजे
(पाड्यांच्या बैठकीत केलेलं भाषण, बोललं तसंच)



मागच्या आठवड्यात आम्ही चौघं डहाणू लोकलने दादरला उतरून परळला गेलो होतो. तिथे काही शिकणाऱ्या मित्रांनी एक शोधयंत्र तयार केलंय. जनसुनावण्यांची सरकारी इतिवृत्तं इंटरनेटवरून गोळा करून त्यात घातलीत. आपण एक शब्द टाकायचा, की तो ज्या ज्या हरकतीत आलाय ती समोर यायला पाहिजे. ते म्हणाले, लोकांच्या हातात देण्याआधी तुम्ही तपासून बघा. आम्ही दिवसभर तपासलं.

पहिल्यांदा बसलो होतो तिथलंच नाव टाकलं, परळ. मग लालबाग. गिरण्या जाऊन एवढे टॉवर उभे राहिले, गिरणी कामगार काय बोलले असतील ते वाचू म्हटलं. एकही जनसुनावणी आली नाही. यंत्र बिघडलं नव्हतं. 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आहे, तिच्यात इमारतींच्या बांधकामाला जनसुनावणीतून सूट आहे. मोठ्या टॉवरला मंजुरी घ्यावी लागते, पण शेजारच्या चाळीला विचारावं लागत नाही. मोठी खाण, धरण, बंदर आलं तर आपल्याला विचारावं लागतं. गिरणगावाला तेवढंही नाही.

मग आपलं टाकलं, वाढवण. बंदराची जनसुनावणी 19 जानेवारी 2024 ला झाली, ती तुम्हाला ठाऊकच आहे. इंग्रजी कागदात हे नाव कुठे वाढवन, कुठे वधावन, कुठे वाधवान असं येतं. यंत्राला ती तीन गावं वाटतात! आणि पाड्याचं नाव टाकलं तर काहीच येत नाही, कारण कागदावर असतं ते महसुली गाव.

मग आमच्यातल्या एकीने ‘वाघदेव’ टाकलं. शून्य. एक जुनं इतिवृत्त उघडून ओळ न ओळ वाचलं तेव्हा उलगडलं. ‘स्थानिकांनी धार्मिक स्थळाबाबत चिंता व्यक्त केली.’ संपलं. कोण बोललं, कुठला देव, कुठल्या डोंगरावरचा, काही नाही. लोकांची लेखी निवेदनं मागे जोडली होती, पण ती कागदाचे फोटो. हाताने लिहिलेलं मराठी त्या यंत्राला वाचता येत नाही.

मित्रांना आम्ही पाड्यांची यादी द्यायचं कबूल केलंय. पाडा, महसुली गाव, इंग्रजीत होणारी सगळी स्पेलिंगं. ते ती यंत्रात घालतील. पण कागदावरच नसलेलं कुठलं यंत्र शोधणार?

म्हणून जनसुनावणीला जाताना नुसतं बोलायला जाऊ नका. नोटीस निघाल्यावर निदान 30 दिवस मिळतात. त्यात निवेदन टाईप करून घ्या. पाडा, गाव, तालुका, वनहक्क दाव्याचा नंबर, जंगलाचा कंपार्टमेंट नंबर, देवाचं नाव, सगळं घाला. एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. साहेब म्हणतील, ‘बोललात ना, लिहून घेतलंय.’ तरी पोच घ्यायचीच.

आणि सुनावणी संपली की लगेच गाडीत बसू नका. काय काय नोंदवलं ते शेवटी सगळ्यांसमोर आपल्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे, असं त्याच अधिसूचनेत आहे. आपलं म्हणणं त्यात आलं नसेल तर तिथेच उभं राहून सांगायचं, कारण जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी पाठवलेल्या साहेबांची सही त्याच दिवशी होते. सुनावणीचं चित्रीकरणही करावं लागतं. इतिवृत्त नंतर ग्रामपंचायतीत लावायचं असतं. किती पंचायतींत कुणी बघितलंय? हात वर करा.

... नाही ना? तर उद्या आपापल्या पंचायतीत जाऊन ते मागा. मिळालं तर प्रत आणा, नाही मिळालं तर मागणीचा अर्ज आणि त्याची पोच आणा. पुढच्या बैठकीत सगळे कागद एकत्र वाचू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी शाळेतली पोरं बसतील.

जिंदाबाद!