विशाखापट्टणम : डोंगर, समुद्र आणि धुराडी
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



धुराडे उंच बांधले की धुराचा प्रश्न मिटला, ही समजूत सपाट मैदानावर काही अंशी खरी ठरते. डोंगराळ किनाऱ्यावर ती फसते. विशाखापट्टणम हे त्याचे ठळक उदाहरण होय.

उत्तरेस कैलासगिरीची रांग, दक्षिणेस याराड्याची, पूर्वेस बंगालचा उपसागर. मधल्या खोलगट भागात बंदर, १९५७ चा तेलशुद्धीकरण कारखाना, १९६७ चा खतकारखाना आणि जवळच दाट लोकवस्ती.

दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते व समुद्रावरून थंड वारा आत येतो. त्या स्थिर हवेत धूर फारसा न विरता पट्ट्यासारखा पुढे सरकतो. मात्र तापलेल्या जमिनीलगत हवेची घुसळण सुरू असते आणि किनाऱ्यापासून आत जावे तसतशी ती उंच होत जाते. ती धुराच्या पट्ट्याला भिडताच धूर खाली खेचला जातो. परिणामी धुराड्याच्या पायथ्यापेक्षा दूरच्या वस्तीलाच त्याचा अधिक त्रास होऊ शकतो. रात्री उतारांवरची थंड, जड हवा खोलगटात साचते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. रात्री समुद्राकडे गेलेला धूर दिवसाच्या वाऱ्याबरोबर परतूही शकतो.

७ मे २०२० रोजी पहाटे गोपालपट्टणमजवळील एल. जी. पॉलिमर्स कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. ही वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड. जमिनीलगत पसरत ती झोपलेल्या घरांत शिरली व बारा माणसे मृत्युमुखी पडली. टाकी तापू देणे हा व्यवस्थापनाचा दोष होता, टेकड्यांचा नव्हे. परंतु अशी वाफ पहाटेच्या संथ हवेत कोठे जाईल, हे आधी जाणून घेणे शक्य असते.

भारतातील नियमांत धुराड्याच्या किमान उंचीचे एक सूत्र आहे. ताशी किती किलोग्रॅम सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, त्या आकड्याचा ०.३ वा घात घेऊन त्यास १४ ने गुणावयाचे. उत्तर मीटरमध्ये मिळते. या सूत्रात वारा नाही, डोंगर नाही, समुद्र नाही. किमान उंचीपुरते ते ठीक; वस्तीच्या सुरक्षिततेची हमी म्हणून ते पुरेसे नाही.

म्हणून कामगार संघटनांची मागणी नेमकी असली पाहिजे. कारखान्याची जागा ठरण्यापूर्वी वर्षभर, रात्रंदिवस, निरनिराळ्या उंचीवर वारा व तापमान मोजले जावे; त्या नोंदी वस्तीत, लोकांच्या भाषेत जाहीर व्हाव्यात. ज्यांना ती हवा श्वासात घ्यावी लागते, त्यांचा तिच्या नोंदींवर पहिला हक्क आहे.