मजकूर आखडावा, अर्थ नव्हे



नोंदवह्यांचे काम संगणकाकडे आल्यापासून हजारो नोंदींतून हवी ती माहिती क्षणार्धात समोर येते. मात्र शेरा किंवा तक्रारीचा तपशील यांसारखा दीर्घ मजकूर जसाच्या तसा मागविला, तर तक्ता विस्कटतो व पानावर दोन-चार नोंदीही मावत नाहीत. अशा वेळी मजकुराचा प्रारंभीचा भाग तेवढा दाखविणे सोयीचे ठरते. मायएसक्यूएल व पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींत ‘लेफ्ट’ या सूचनेने हे साधते. स्तंभाचे नाव व चिन्हांची संख्या दिली, की तेवढाच भाग तक्त्यात येतो. मूळ नोंदीस धक्का लागत नाही.

तथापि, मराठी मजकुराबाबत विशेष दक्षता अगत्याची आहे. मराठी वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो. ‘सदर अर्जदार अनुदानास पात्र नाही’ या शेऱ्याची पहिली 26 चिन्हे घेतली, तर ‘सदर अर्जदार अनुदानास पात्र’ एवढेच उरते आणि निर्णय उलटा वाचला जातो. पुण्यातील आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही गावे 7 चिन्हांत आखडली, तर दोन्ही एकच भासतात.

देवनागरीची मोजणीही निराळी आहे. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. परंतु संगणकाच्या युनिकोड लिपिसंकेतात त्याची 7 चिन्हे होतात. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक चिन्हास 3 बाइट, म्हणजे एकूण 21 बाइट लागतात. पाचव्या चिन्हावर कात्री लावल्यास ‘क्षेत’ उरते. बाइट मोजून तोडल्यास चिन्हच भंगू शकते.

यावर उपाय सोपे आहेत. प्रथम मजकुराची लांबी तपासावी व तो मर्यादेपेक्षा मोठा असेल तरच आखडावा. आखडलेल्या मजकुरापुढे तीन टिंबे द्यावीत, म्हणजे पुढे आणखी काही आहे हे वाचणाऱ्यास कळेल. नोंदीचा क्रमांक शेजारी असावा. अर्जदाराचे व गावाचे नाव पूर्ण ठेवावे. पात्र की अपात्र, हा निर्णय स्वतंत्र स्तंभात नोंदवावा. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व अधिकारी यांनी आखडलेला तक्ता केवळ शोधासाठी वापरावा आणि स्वाक्षरीपूर्वी संपूर्ण नोंद उघडून वाचावी.

तक्त्यातील एका ओळीमागे एखाद्या कुटुंबाचा हक्क उभा असतो. जागेच्या बचतीसाठी त्या हक्काला कात्री लागू नये, एवढी काळजी प्रत्येक कार्यालयाने घेणे आवश्यक आहे.