मंडईतली खडी गंमत

दिवाळी सरली की विदर्भात कुही, भिवापूर, पवनीकडे गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते अन् रात्री खडी गंमत हे लोकनाट्य रंगतं. शाहीर डफावर थाप देतो, मागून ढोलकी-तुणतुणं साथ धरतं. लुगडं नेसलेला नाच्या गिरकी घेतो, तो पुरुषच असतो. गण, गौळण, लावणी, झगडा, मधेच हुंड्यावर किंवा दारूवर प्रहसन. ही गंमत करणारे सारे दिवसा धानाच्या बांधीत राबणारे. तरी ते उच्च दर्जाचे कलावंत आहेत, हे ठामपणे सांगतो. आता त्यांची गंमत यूट्यूबवरही दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या गरजू कलावंतांसाठी राज्य शासनाची दरमहा ५,००० रुपयांची मानधन योजना आहे. तुमच्या गावात असा शाहीर असेल, तर त्याचा अर्ज भरून द्या.