बालकाचे आरोग्य आणि मातेचा अधिकार

मूल आजारी पडले म्हणजे वैद्य, आणि वैद्याने हात टेकले म्हणजे दैव, एवढ्यावर बालकांच्या आरोग्याचा विचार बहुधा थांबतो. परंतु मूल जन्मण्यापूर्वीच त्याच्या प्रकृतीचा पाया घातला जात असतो. ज्या मातेच्या पोटी तो घातला जातो, तिच्या शब्दाला घरात किती मान आहे, यावर त्याची बळकटी पुष्कळशी अवलंबून असते. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे हे विधान स्पष्ट होते.

हा मुलूख मराठी माणसास परका नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात मोडत होते, आणि आजही तेथे तेलुगू व गोंडी यांच्या जोडीने मराठी कानी पडते. जिल्ह्यातील उटनूरच्या डोंगराळ भागात गोंड, कोलाम इत्यादी जमातींची वस्ती आहे. शेतात राबणारी, रानातून मोहफुले वेचून आणणारी तेथील स्त्री कष्टात पुरुषाच्या मागे नाही.

मात्र कष्ट करणे निराळे आणि त्या कष्टांच्या फळावर सत्ता असणे निराळे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तेलंगणातील 15 ते 49 वर्षे वयाच्या 57.6 टक्के स्त्रियांत, तर 6 ते 59 महिने वयाच्या 70 टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. या दोन आकड्यांचा संबंध निकट आहे. आरंभीच्या महिन्यांत बालकास पुरणारे लोह त्याला गर्भावस्थेतच मातेकडून मिळते. तिचीच शिदोरी अपुरी असेल, तर ती बाळाला कोठून देणार?

तेलंगणात 1 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या ‘आरोग्य लक्ष्मी’ योजनेने हे मर्म ओळखले. गर्भवती आणि स्तनदा मातांना पूर्ण जेवण, दूध व अंडे अंगणवाडीतच बसून घेता यावे, अशी तिची आखणी होती. शिधा घरी नेला, तर त्याचे सर्वांत वाटे पडतात, आणि सर्वांच्या मागून जेवणारीच्या वाट्यास उरलेसुरलेच येते. तिच्यासाठी निराळे पान मांडावे लागावे, यातच घरातील तिचे स्थान दिसून येते.

उटनूर येथील भीमबाई आदिवासी महिला सहकारी संघाने याच्या पुढचे पाऊल टाकले आहे. मोहफुले तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या वेचीत आल्या. आता संघातील स्त्रिया त्यांचे लाडू वळतात, आणि ते आश्रमशाळांतील मुलींना दिले जातात. केवळ लाडवांनी रक्तक्षय हटणार नाही. लोहाच्या गोळ्या, जंतांवरील औषध आणि वेळेवर तपासणी यांची जोड हवीच. पण उद्याच्या मातांचे पोषण आणि आजच्या मातांची मिळकत येथे एका कामात साधली आहे, हे त्याचे महत्त्व होय.

मिळकतीबरोबर विचारविनिमयाचेही बळ लागते. झारखंड व ओडिशा या राज्यांतील आदिवासी गावांत स्त्रियांच्या मासिक सभा भरवून प्रसूती व नवजात बालकाची निगा यांवर चर्चा घडविण्यात आली, आणि उपायही त्यांनीच ठरविले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, अशा सभा नसलेल्या गावांच्या मानाने तेथे नवजात बालकांचे मृत्यू तीन वर्षांत 32 टक्क्यांनी कमी झाले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. स्त्रीच्या माथी घरकामाच्या जोडीला मिळकतीचे ओझे ठेवले आणि तिच्या पैशाचा विनियोग मात्र दुसऱ्यानेच केला, तर तो अधिकार नव्हे, दुहेरी वेठ होय. अशा वेळी तान्ह्या मुलाची आबाळच होईल. म्हणून पाणी भरण्यात, मूल सांभाळण्यात पुरुषाने वाटा उचलला पाहिजे, आणि मूल तापाने फणफणले असता कोणाच्या संमतीची वाट न पाहता दवाखाना गाठण्याची मोकळीक मातेला असली पाहिजे. ही मोकळीक देण्यास सरकारी हुकूम लागत नाही. ती प्रत्येक घराला आजच देता येण्याजोगी आहे.